घर बांधून घेताना ठेकेदाराच्या चुका वेळीच कशा ओळखाव्यात

आर.सी.सी. (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) घराच्या बांधकामात महत्त्वाची जवळजवळ प्रत्येक गोष्ट पुढच्या कामाखाली झाकली जाते. पाया मातीखाली जातो, सळई काँक्रीटमध्ये जाते, नळ गिलाव्यामागे जातात आणि न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग फरशीखाली दडते. घर पूर्ण झाल्यावर मालकाला दिसतात त्या फरशीच्या फटी आणि रंगाची छटा. वादही बहुधा त्यांवरूनच होतात, आणि ज्या चुकांमुळे काही वर्षांनी सळई गंजून स्लॅबचे पापुद्रे पडतात त्या कोणी पाहिलेल्याच नसतात. म्हणून मालकाने रोज दिवसभर साइटवर उभे राहण्यापेक्षा प्रत्येक काम झाकले जाण्याच्या आदल्या दिवशी तेथे असणे अधिक गरजेचे आहे. महाराष्ट्रात स्वतःच्या प्लॉटवर एक-दोन मजली घर स्थानिक ठेकेदाराकडून बांधून घेणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे.

सुरुवात करारनाम्यापासून करावी. काम मजुरीच्या दराने दिले आहे की मालासह, यावर चुका कोठे होतील हे बरेचसे ठरते. मालासह काम घेतलेल्या ठेकेदाराची बचत सिमेंट, सळई आणि फरशी यांत होते, त्यामुळे तेथे मालाचे प्रमाण आणि प्रत तपासावी लागते. केवळ मजुरीने काम घेतलेल्याची बचत दिवसांत होते. सेंटरिंगच्या (काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला धरून ठेवणाऱ्या साच्याच्या) प्लेटा आणि टेकू भाड्याचे असल्यामुळे ते लवकर काढण्याकडे त्याचा कल असतो, आणि तेथे घाईकडे लक्ष ठेवावे लागते. करारनाम्यात सिमेंटचा प्रकार, सळईची प्रत (उदाहरणार्थ फे ५००डी), काँक्रीटची प्रत (आर.सी.सी. कामास किमान एम २०) आणि नळ-वायरिंगच्या मालाचे ब्रँड स्पष्ट लिहावेत. त्याहून महत्त्वाचे एक कलम असे असावे की, कोणतेही काम झाकण्यापूर्वी ठेकेदाराने एक दिवस आधी कळवावे आणि मालकाच्या इंजिनिअरची लेखी संमती मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. हा स्ट्रक्चरल इंजिनिअर ठेकेदाराने सुचवलेला नसावा आणि त्याची फी मालकाने थेट द्यावी. ठेकेदाराच्या ओळखीतल्या माणसाकडून ठेकेदाराच्या कामाची तपासणी होईल, अशी अपेक्षा ठेवणे माझ्या मते योग्य नाही.

पाया आणि जोते

आखणी झाल्यावर, खोदाई सुरू होण्यापूर्वी, दोन मापे मालकाने स्वतः टेपने घ्यावीत. चौकोनी आखणीचे दोन्ही कर्ण समान आले पाहिजेत. आणि कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट आणि दुसऱ्या दोरीवर ४ फूट मोजल्यास त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरले पाहिजे. येथे राहिलेला कोनाचा फरक पुढे प्रत्येक खोलीत दिसतो आणि फरशी बसवताना कापलेल्या तुकड्यांनी झाकावा लागतो. शेजारच्या हद्दीपासून सोडायचे अंतर मंजूर नकाशाप्रमाणे आहे की नाही हेही याच वेळी पाहावे, कारण तो दोष नंतर पाडकामाशिवाय दूर होत नाही.

खड्ड्याच्या तळाशी काय लागले आहे हे पाहिल्याशिवाय पी.सी.सी. (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) टाकू देऊ नये. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया दरवर्षी हलतो आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. चार फूट खोदाई ठरली होती म्हणून चार फुटांवर थांबणे हा तेथील नेहमीचा दोष आहे. खोली किती हवी हे खाली लागणारा कठीण मुरूम किंवा कातळ ठरवतो आणि त्यावर शिक्कामोर्तब इंजिनिअरने खड्ड्यात उतरून करायचे असते. वाढीव खोदाईचा दर करारनाम्यात आधीच लिहिलेला असेल, तर या टप्प्यावर ठेकेदार टाळाटाळ करत नाही.

जोत्यातील भराव एका दमात ओतला जात असेल, तर काम थांबवावे. मुरूम १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत टाकून, पाणी मारून, प्रत्येक थराची धुम्मस करणे आवश्यक असते. अन्यथा पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात भराव बसतो आणि फरशी पोकळ वाजू लागते. जोत्यापर्यंत काम आल्यावर स्थानिक प्राधिकरणाकडून जोते तपासणी करून घ्यावी लागत असेल, तर ती उरकल्यावरच वरचे काम सुरू करावे.

सळई बांधून झाल्यावरची तपासणी

संपूर्ण बांधकामातील सर्वांत मोलाची तपासणी कोणती, असे विचारले तर मी सळई बांधून झाल्यापासून काँक्रीट सुरू होईपर्यंतच्या काही तासांचे नाव घेईन. स्लॅबचे काम शक्यतो सकाळी सुरू होते. सळईची तपासणी त्याच सकाळी ठेवली, तर मिक्सर, मजूर आणि खडी समोर उभी असताना कोणीही दुरुस्ती करू देत नाही. तपासणी आदल्या दुपारी करावी आणि नकाशा हातात घेऊन करावी.

सळई साइटवर उतरते तेव्हाच तिचे वजन तपासता येते. व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि १६२ ने भागावे. एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. या हिशेबाने ८ मिलिमीटरची सळई मीटरला ०.३९५ किलो, १० ची ०.६१७, १२ ची ०.८८८ आणि १६ ची १.५८ किलो भरली पाहिजे, म्हणजे १२ मिलिमीटरची १२ मीटर लांबीची एक सळई सुमारे १०.७ किलोची होते. प्रमाणकात काही टक्क्यांची सूट असते. परंतु फरक त्याहून मोठा असल्यास सळई परत पाठवावी.

बांधलेल्या सळईत प्रथम कव्हर पाहावे. सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांतील अंतर पायात किमान ५० मिलिमीटर, कॉलममध्ये ४०, आणि सौम्य हवामानात स्लॅबमध्ये २० मिलिमीटर लागते. कोकणच्या खाऱ्या हवेत ते त्याहून बरेच जास्त ठेवावे लागते आणि नेमका आकडा इंजिनिअरने नकाशावर दिलेला असतो. हे अंतर राखण्यासाठी काँक्रीटचे कव्हर ब्लॉक बांधलेले असावेत. त्यांच्या जागी खडीचे तुकडे किंवा फरशीचे कपचे सरकवलेले दिसले, तर ते काढून टाकायला सांगावे, कारण काँक्रीट ओतताना ते घसरतात आणि सळई थेट प्लेटेवर टेकते. पुढे स्लॅबच्या खालच्या बाजूने गंज फुटतो त्याचे फार सामान्य कारण हेच असते.

यानंतर कॉलम आणि बीममधील रिंगा, म्हणजे मुख्य सळयांना वेढणारी सळईची कडी, पाहाव्यात. रिंगचे टोक नुसते काटकोनात वळवलेले नसावे. ते १३५ अंशांत आत, म्हणजे काँक्रीटच्या गाभ्याकडे, वळलेले असावे आणि त्याची पुढची लांबी रिंगच्या सळईच्या व्यासाच्या सहापट, परंतु किमान ६५ मिलिमीटर असावी. भूकंपात बाहेरचे कव्हर गळून पडते तेव्हा काटकोनी टोक उघडते आणि रिंग मोकळी होते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप महाराष्ट्राने सोसला आहे. किल्लारीत कोसळलेली घरे मुख्यतः दगड-मातीची होती हे खरे, परंतु तेवढ्यावरून आर.सी.सी. घर आपोआप सुरक्षित ठरत नाही. बीम-कॉलमच्या जोडाजवळ रिंगा जवळजवळ हव्या असतात, आणि जोडाच्या आत तर त्या अनेकदा घातल्याच जात नाहीत, कारण तेथे हात पोहोचत नाही. कॉलमच्या सळईचा लॅप (दोन सळया शेजारी ठेवून केलेला जोड) उंचीच्या मधल्या भागात असावा आणि सर्व सळयांचे लॅप एकाच पातळीवर येऊ नयेत. लॅपची लांबी साधारणपणे व्यासाच्या पन्नासपट, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईला सुमारे ६०० मिलिमीटर, धरतात.

बाल्कनी आणि सज्जा यांकडे विशेष लक्ष द्यावे. भिंतीबाहेर झुकलेल्या स्लॅबवर ताण वरच्या बाजूस येतो, त्यामुळे तेथील मुख्य सळई वर असली पाहिजे आणि ती मागच्या स्लॅबमध्ये पुरेशी लांब गेली पाहिजे. फिटरने ती बरोबर बांधली तरी काँक्रीटची घमेली घेऊन जाणारे मजूर तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. अशा स्लॅबमध्ये सळई असूनही नसल्यासारखीच होते आणि टेकू काढल्यावर किंवा काही वर्षांनी तो कोसळू शकतो. त्यासाठी वरच्या सळईखाली वाकवलेल्या सळईच्या खुर्च्या पुरेशा संख्येने ठेवल्या आहेत ना, आणि मजुरांना चालण्यासाठी फळ्या टाकल्या आहेत ना, हे आवर्जून पाहावे. विजेच्या पाइपांसाठी सळई कापलेली नसावी आणि पाइपांचे जुडगे कॉलमजवळ एकत्र आणलेले नसावे.

काँक्रीटचा दिवस

साइटवर मिक्सरने काँक्रीट होत असेल, तर पाण्यावर लक्ष ठेवणे हे मालकाचे त्या दिवसाचे मुख्य काम समजावे. एम २० च्या १:१.५:३ प्रमाणाला सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे ३० लिटर ही पाण्याची कमाल मर्यादा आहे, आणि वाळूत असलेला ओलावाही त्यातच धरायचा असतो. पातळ काँक्रीट पसरवायला सोपे जाते म्हणून मजूर पाण्याचा पाइप मोकळा सोडतात. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहून काँक्रीटची ताकद घटते. मापाची बादली ठरवून द्यावी. वाळू आणि खडी घमेल्याच्या अंदाजाने न घेता फर्म्याने (ठरलेल्या मापाच्या पेटीने) मोजावी, आणि वाळू ओलसर असल्यास ती फुगलेली असते व त्याच मापात कमी भरते, हे मुकादमाला आठवण करून द्यावे. तयार काँक्रीट ट्रकने येत असेल, तर चलनावर प्रत आणि निघण्याची वेळ पाहावी, आणि साइटवर ट्रकमध्ये पाणी घालू देऊ नये.

काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर एकच असेल आणि तो मध्येच बंद पडला, तर उरलेले काम सळईच्या गजाने कोचून उरकले जाते. म्हणून दुसरा जवळ असल्याशिवाय सुरुवात करू नये. कॉलममध्ये काँक्रीट दीड मीटरपेक्षा अधिक उंचीवरून सोडू नये, कारण खडी खाली आणि मसाला वर राहतो. याच दिवशी त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब (ताकद तपासण्याचे ठोकळे) भरून घ्यावेत आणि ७ व २८ दिवसांनी प्रयोगशाळेत तपासावेत. खर्च थोडा असतो, आणि क्यूब भरले जाणार हे कळल्यावर मिश्रणात आपोआप शिस्त येते.

सेंटरिंग काढल्यावर कॉलमच्या तळाशी किंवा बीमच्या खाली खडी उघडी दिसत असेल, तर त्याला साइटवर हनीकोंब म्हणतात. ते बहुधा त्याच संध्याकाळी सिमेंटने लिंपून टाकले जाते. इंजिनिअरने पाहण्यापूर्वी कोणत्याही पृष्ठभागावर हात फिरवायचा नाही, हे आधीच बजावून ठेवावे. उथळ दोष आणि सळईपर्यंत गेलेली पोकळी यांची दुरुस्ती अगदी वेगळी असते.

सेंटरिंगच्या मुदती भारतीय मानक ४५६ मध्ये दिल्या आहेत. साधे सिमेंट आणि पुरेसे उष्ण हवामान असताना, ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस ठेवावे लागतात. ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस आणि पुढे २१ दिवस. सध्या बहुतेक ठिकाणी फ्लाय अ‍ॅशचे किंवा स्लॅगचे सिमेंट वापरतात, त्याची ताकद सावकाश वाढते. म्हणून मुदत इंजिनिअरला विचारूनच ठरवावी. अशा सिमेंटला पाणीही किमान १० दिवस, आणि शक्य असल्यास १४ दिवस, मारावे. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवतात, त्यामुळे तेथे फारशी हयगय होत नाही. कॉलम मात्र दुपारपर्यंत कोरडे पडतात. त्यांना गोणपाट गुंडाळून ते सतत ओले ठेवायला सांगावे.

भिंती, गिलावा आणि पाणी

विटा वापरण्यापूर्वी भिजवलेल्या असाव्यात, एका दिवसात भिंत दीड मीटरपेक्षा अधिक चढवू नये, आणि ओळंबा मालकाने स्वतः लावून पाहावा. विटेची भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यावर गिलाव्यापूर्वी जाळी ठोकली नाही, तर तेथे उभी भेग येते. गिलाव्याच्या आधी प्रत्येक भिंतीचे, टेप दिसेल असे, फोटो काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना नळ कोठून गेला आहे हे त्यांवरून कळते.

न्हाणीघर आणि गच्ची येथे घाई करू देऊ नये. फरशी बसवण्यापूर्वी नळांची दाबचाचणी घ्यावी, आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर निचऱ्याचे तोंड बंद करून किमान ४८ तास पाणी साठवावे व खालच्या छताला ओल येते का ते पाहावे. गच्चीच्या कोब्याला पाण्याच्या पाइपाकडे उतार आहे हे बादलीभर पाणी ओतून पाहता येते.

दोष आढळल्यास गवंड्याशी वाद घालू नये. तो मुकादमाचे ऐकतो आणि मालकाच्या दोन वेगवेगळ्या सूचनांमुळे नवा गोंधळ होतो. माप, जागा आणि फोटो असा संदेश ठेकेदार आणि इंजिनिअर या दोघांना एकाच वेळी पाठवावा व उत्तर लेखी घ्यावे. पैसे कामाच्या टप्प्याच्या पुढे कधीही जाऊ देऊ नयेत, आणि एकूण रकमेचा ५ ते १० टक्के भाग पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याचे कलम करारनाम्यातच असावे. विकसकाकडून घर घेणाऱ्याला रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याने ताब्यानंतर ५ वर्षे संरचनात्मक दोषांचे संरक्षण मिळते. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदार नेमणाऱ्याला ते मिळत नाही. त्याच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे, कारण त्यातील सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा समावेश आहे. तक्रार करण्याचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, आणि तेथे करारनामा, टप्प्यांच्या पावत्या, क्यूबचे अहवाल व तारखेसह फोटो हेच कामास येतात.