घरच्या बागेतील भाजीपाला: लागवड कशी करावी आणि किडींना कसे आवरावे

भाजीच्या रोपावर कीड दिसली की बहुतेकांचा हात प्रथम फवारणीच्या बाटलीकडे जातो. वास्तविक फवारणी हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे. त्याआधीची कामे वेळेवर झाली असतील तर ती करण्याची वेळ फारशी येत नाही, आणि आलीच तरी थोडक्यात भागते. म्हणून किडीचा विचार लागवडीच्या दिवसापासूनच करावा.

पहिली पायरी: जागा आणि माती

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी अशा फळभाज्यांना दिवसातून किमान ६ तास थेट ऊन लागते. पालेभाज्या ३ ते ४ तासांच्या उन्हातही चांगल्या येतात. ऊन कमी असलेल्या जागी फळभाज्यांचा हट्ट धरू नये, कारण तेथे रोपे लांबट व लुसलुशीत वाढतात आणि रस शोषणाऱ्या किडींना तशीच रोपे हवी असतात. कुंडीत लागवड करायची असेल तर पालेभाज्यांसाठी १५ सेंटिमीटर आणि टोमॅटो किंवा वांग्यासाठी किमान ३० सेंटिमीटर खोलीची कुंडी घ्यावी. तिच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असावीत.

मातीत मिसळायचे शेणखत किंवा कंपोस्ट पूर्ण कुजलेले असले पाहिजे. हाताला गरम लागणारे किंवा उग्र वास येणारे खत अजून कच्चे आहे असे समजावे. अशा खतातून हुमणीची अंडी व अळ्या बागेत येऊ शकतात आणि त्या पुढे रोपांची मुळे खातात. खताचा अतिरेकही टाळावा. नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की पाने गर्द हिरवी व रसरशीत दिसतात, पण त्यांच्यावर मावा (रस शोषणारे बारीक किडे) झपाट्याने वाढतो आणि फळधारणा मागे पडते.

दुसरी पायरी: पेरणी, अंतर आणि पाणी

बियाणे त्याच्या जाडीच्या साधारण दोन ते तीन पट खोलीवर पेरावे. टोमॅटो, वांगी व मिरची यांची रोपे आधी वेगळ्या ट्रेमध्ये तयार करून ती ४ ते ६ आठवड्यांची झाल्यावर कायमच्या जागी लावावीत. या काळात माती सतत चिंब राहिली तर रोपे बुडाशी कुजून कोलमडतात.

दोन रोपांमधील अंतराबाबत घरच्या बागेत हात आखडता घेतला जातो, आणि पुढे त्याची किंमत मोजावी लागते. टोमॅटो व वांग्यासाठी सुमारे ६० सेंटिमीटर, मिरचीसाठी ४५ आणि भेंडीसाठी ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हवा खेळती राहते, पाने लवकर वाळतात आणि प्रत्येक रोप चारही बाजूंनी पाहता येते. बोट मातीत २ ते ३ सेंटिमीटर खुपसून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. ते सकाळी आणि बुडाशी द्यावे, कारण रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर करपा व तत्सम बुरशीजन्य रोग सहज येतात.

तिसरी पायरी: नियमित पाहणी

सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत मोलाची आहे. आठवड्यातून किमान दोनदा प्रत्येक रोपाचे शेंडे, कळ्या आणि विशेषतः पानांची खालची बाजू पाहावी. बहुतेक किडी तेथेच राहतात आणि तेथेच अंडी घालतात. शक्य असल्यास जवळ एक साधे भिंग ठेवावे.

कोवळ्या शेंड्यांवर हिरवे किंवा काळे बारीक किडे दाटीने बसलेले दिसले तर तो मावा. त्याची मादी नराशिवायही थेट पिलांना जन्म देते आणि ती पिले आठवडा-दीड आठवड्यात स्वतः प्रजननक्षम होतात, त्यामुळे चार-पाच दिवसांचे दुर्लक्षही पुरेसे ठरते. रोपावर मुंग्यांची रांग दिसली तर तिचा माग काढावा. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याचे रक्षण करतात, आणि त्याच द्रवावर पुढे काळी बुरशी वाढते. रोप हलवताच पांढरे बारीक कीटक उडाले तर ती पांढरी माशी. टोमॅटोचा पर्णगुच्छ (पाने वळून आकसण्याचा) हा विषाणूरोग तीच पसरवते. पानांवर फिकट ठिपके आणि खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली तर लाल कोळी आहे, जो उष्ण व कोरड्या हवेत वाढतो. मिरचीची पाने वरच्या बाजूला वळली असतील तर बहुधा फुलकिडे (पाने खरवडून रस शोषणारे अतिशय बारीक किडे) आणि खालच्या बाजूला वळली असतील तर बहुधा कोळी हे कारण असते. पाणी पुरेसे असूनही वांग्याचा एखादाच शेंडा मान टाकतो, तेव्हा आत शेंडा पोखरणारी अळी असते.

प्रत्येक विकृती किडीमुळे होते असेही नाही. टोमॅटोच्या फळाचे टोक काळे पडून खपली धरणे हे फळाला कॅल्शियम कमी पोहोचल्याचे लक्षण आहे, आणि त्यामागे बहुतेक वेळा अनियमित पाणी असते. तेथे कोणतीही फवारणी निरुपयोगी आहे.

पाहणी करताना मित्रकीटकही ओळखता आले पाहिजेत. लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी काळसर, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी दिसते आणि अनेकजण ती कीड समजून मारतात, हे फार वाईट वाटण्यासारखे आहे, कारण ती दिवसभर मावाच खात असते. माव्याच्या घोळक्यात काही किडे तपकिरी व फुगलेले दिसले, तर परोपजीवी गांधीलमाशीने त्यांच्यात अंडी घातलेली आहेत. ही पाने काढू नयेत आणि त्या रोपावर फवारणी काही दिवस थांबवावी.

चौथी पायरी: हाताने करायचे उपाय

मावा व कोळी यांच्यासाठी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारावा. कोवळी रोपे मात्र हाताने धरून धुवावीत. अळ्या व अंड्यांचे पुंजके वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. वांग्याचा सुकलेला शेंडा दोन-तीन सेंटिमीटर खालून कापून नष्ट करावा, कारण खोडाच्या आत असलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. पर्णगुच्छ झालेले रोप बरे होत नाही. ते लगेच उपटावे. काकडी, कारली, दोडका यांच्या कोवळ्या फळांना कागदी किंवा पातळ कापडी पिशवी बांधली की फळमाशीला अंडी घालता येत नाहीत. किडकी फळे जमिनीवर पडू देऊ नयेत. त्यांतील अळ्या मातीत जाऊन कोष करतात, म्हणून अशी फळे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवावीत.

पिवळे चिकट सापळे पांढरी माशी व मावा यांच्यासाठी आणि निळे सापळे फुलकिड्यांसाठी उपयोगी पडतात. त्यांवर किती कीटक अडकले हे पाहून प्रादुर्भाव वाढतो आहे की घटतो आहे हे कळते.

पाचवी पायरी: गरजेपुरती फवारणी

मऊ अंगाच्या किडींसाठी १ लिटर पाण्यात १० मिलिलिटर सौम्य द्रव साबण पुरतो; कपडे धुण्याची पावडर वापरू नये. हे पाणी किडीच्या अंगावर प्रत्यक्ष पडले तरच परिणाम होतो. निंबोळी तेल वापरायचे असल्यास ५ मिलिलिटर तेलात १ ते २ मिलिलिटर द्रव साबण आधी घोटून मग १ लिटर कोमट पाणी थोडे थोडे मिसळावे. निंबोळीतील अझाडिरेक्टिन किडीचे खाणे कमी करते आणि तिच्या कात टाकण्यात अडथळा आणते, म्हणून दुसऱ्या दिवशी किडी जिवंत दिसल्या तरी निराश होऊ नये. हा घटक उन्हात लवकर निकामी होतो. त्यामुळे फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास करावी. तोपर्यंत मधमाश्याही परतलेल्या असतात. प्रथम दोन-चार पानांवर चाचणी घ्यावी, आणि अंड्यांतून नवी पिढी बाहेर पडते म्हणून ५ ते ७ दिवसांनी पुन्हा फवारावे.

पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य औषध चांगले आहे. ते अळीच्या पोटात जावे लागते, म्हणून अळ्या लहान असतानाच फवारावे. रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा उपयोग नाही. विकत आणलेल्या कोणत्याही औषधाचे प्रमाण आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस वेष्टनावर वाचून काटेकोर पाळावेत.

सहावी पायरी: हंगाम संपल्यावर

जुनी झाडे उभी ठेवू नयेत. पुढच्या लागवडीची कीड त्यांच्यावरच टिकून राहते. ती मुळासकट उपटून मुळे पाहावीत. मुळांवर गाठी असतील तर मातीत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत) आहेत. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातील पिके असल्याने एकामागून एक त्याच जागी लावू नयेत. सूत्रकृमी आढळलेल्या जागी पुढचा हंगामभर झेंडू दाट लावावा, कारण त्याच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक ठरतात. फुले संपली की झेंडूची झाडे तेथेच बारीक करून मातीत गाडावीत.