लाव्हाचं तापमान सॅटेलाइटवरून काढताय? मग सगळीकडे ०.९५ टाकू नका

लाव्हाच्या इमेजला हात लावायच्या आधी घराजवळची एक इमेज उघडा, लँडसॅट ८ या सॅटेलाइटची, मे महिन्यातली, नवी मुंबईतली महापे-रबाळे एमआयडीसी आणि मागचा पारसिक डोंगर दोन्ही येतील अशी. सगळ्या पिक्सेलना एमिसिव्हिटी (त्याच तापमानाच्या आदर्श काळ्या वस्तूच्या मानाने पृष्ठभाग किती उष्णता बाहेर फेकतो तो ० ते १ मधला आकडा) ०.९५ देऊन तापमान काढलं की डोंगराच्या उघड्या काळ्या दगडाचा आकडा पटतो, पण शेडच्या बिनरंगाच्या चकचकीत पत्र्याचा आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. कारण पत्रा कितीही तापला तरी त्या मानाने उष्णता फार कमी बाहेर फेकतो, आणि सॅटेलाइटला दिसते ती फक्त बाहेर पडलेली उष्णता. वितळलेल्या लाव्हाचंही तेच होतं, पत्र्याइतकं टोकाला जात नाही पण दिशा तीच.

आता पारसिकचा दगडही बेसॉल्टच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, म्हणून तोच ०.९५ उचलून एटना नाहीतर किलाउआ या ज्वालामुखींना लावायचा मोह होतो. तो आकडा गार, घट्ट झालेल्या दगडाचा आहे. एटनाचा बेसॉल्ट लॅबमध्ये तापवून मोजलाय, वितळताना एमिसिव्हिटी खाली येते आणि थंड होऊन साय धरली की परत वर चढते. किती खाली ते वेव्हलेंग्थवर आणि लाव्हाच्या रसायनावर ठरतं, खाली मी उदाहरणापुरतं ०.७५ धरतोय.

समजा ११ मायक्रॉन वेव्हलेंग्थच्या आसपास ब्राइटनेस टेम्परेचर, म्हणजे एमिसिव्हिटी १ धरून सिग्नलवरून निघालेलं तापमान, ८०० केल्विन आलं आणि पिक्सेल पूर्ण लाव्हाने भरलेला आहे. ०.९५ धरलं तर खरं तापमान साधारण ८२० केल्विन, ०.७५ धरलं तर ९२७. शंभराच्या वर फरक! ४ मायक्रॉनला हेच केलं तर ८०९ आणि ८५४, म्हणजे फरक निम्म्याहून कमी, म्हणून गरम लाव्हासाठी जमेल तिथे छोटी वेव्हलेंग्थ वापरा. तसंही लँडसॅट ८ चा थर्मल बँड ३६० केल्विनच्या आसपास सॅच्युरेट होतो, त्याहून गरम काही मोजूच शकत नाही, ताज्या लाव्हावर त्याचा आकडा धरूच नका, शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड बँड बघा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. जमिनीच्या तापमानासाठी जो सोपा फॉर्म्युला सगळीकडे फिरतो, एमिसिव्हिटीचा लॉग घेऊन भागायचा, तो फक्त गार पृष्ठभागाला चालतो. वरच्याच उदाहरणात ०.७५ ला तो ९२७ च्या जागी ९६९ देतो. पायथनमध्ये प्लांकचं पूर्ण समीकरण (तापमानावरून प्रत्येक वेव्हलेंग्थला बाहेर पडणारं प्रारण, म्हणजे रेडियन्स, देणारं) उलटवा, चार ओळींचं काम आहे: ब्राइटनेस टेम्परेचरवरून रेडियन्स काढा, एमिसिव्हिटीने भागा, आणि त्या रेडियन्सवरून परत तापमान काढा.

मग येतं फ्लो मॉडेलिंग, म्हणजे लाव्हा कुठवर वाहील याचं गणित, आणि खरी गंमत इथे आहे, मॅगफ्लो घ्या की फ्लोगो, ही त्यासाठीची मॉडेल्स, लाव्हा किती लांब जाईल ते तो किती लवकर गार होतो आणि वरून किती माल येतोय यावर ठरतं. एमिसिव्हिटी दोन्हीकडे शिरते. मॉडेलमध्ये १००० केल्विनचा पृष्ठभाग ०.९५ ला दर चौरस मीटर सुमारे ५४ किलोवॉट गमावतो, ०.७५ ला ४३ च्या जवळपास, म्हणजे लाव्हा जास्त वेळ गरम आणि पातळ राहतो, लांब जातो. सॅटेलाइटच्या बाजूला उलट! तोच ८०० केल्विनचा सिग्नल ०.९५ ऐवजी ०.७५ ने सोडवला तर तापमान इतकं चढतं की बाहेर पडणारी उष्णता सुमारे २८ टक्के जास्त निघते, उष्णतेवरून लाव्हा ओतण्याचा दर काढत असाल तर तोही चढतो, आणि जास्त दर म्हणजे पुन्हा लांब प्रवाह. म्हणजे ०.९५ धरल्याने होणाऱ्या दोन्ही चुका एकमेकींना खोडत नाहीत, एकाच बाजूला साचतात. त्यामुळे सगळीकडे ०.९५ धरलेल्या नकाशात प्रवाह अलीकडेच थांबू शकतो, आणि हा नकाशा बघून कोणीतरी गाव रिकामं करायचं की नाही ते ठरवणार असतं.

म्हणून एकच आकडा ठेवू नका. तापमानाप्रमाणे बदलणारी एमिसिव्हिटी द्या, लालबुंद भागाला कमी, साय धरलेल्या भागाला ०.९५ च्या जवळ, आणि सॅटेलाइटच्या गणितात जो नियम लावाल तोच मॉडेलमध्ये लावा. पिक्सेलमध्ये लाव्हा आणि गार दगड मिसळले असतील तर दोन बँड घेऊन गरम भागाचा वाटा वेगळा काढा, नाहीतर एमिसिव्हिटीचा दोष कुठे संपतो आणि मिसळीचा कुठे सुरू होतो ते कळणार नाही. नंतर गरम भागाला कमी, मधली आणि जास्त एमिसिव्हिटी देऊन मॉडेल तीनदा चालवा, तिन्ही प्रवाहांच्या कडा एकाच नकाशावर काढा आणि तोच नकाशा पुढे पाठवा.