रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी: व्हर्च्युअल मशीनचा पडदा टिपण्याची तयारी

व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातच दुसरा संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लिनक्सवरचं उबुंटू चालवून त्यावर एखादा धडा रेकॉर्ड करायचा असेल, तर आधी एकच गोष्ट ठरवा: टिपायचं बाहेरून की आतून. बाहेरून म्हणजे विंडोजवरच्या ओबीएस स्टुडिओला (पडदा रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर) व्हर्च्युअल मशीनची खिडकी दाखवायची. आतून म्हणजे उबुंटूतच ओबीएस टाकून फाइलही तिथंच बनवायची. माझं मत विचाराल तर जमेल तोवर बाहेरून. व्हिडिओ एन्कोड करणं, म्हणजे चित्र दाबून फाइलमध्ये बसवणं, हे मुळातच दमवणारं काम, आणि गेस्टकडे, म्हणजे आत चालणाऱ्या उबुंटूकडे (बाहेरचा विंडोज संगणक तो होस्ट), असतात प्रोसेसरचे उसने दोन-तीन कोअर आणि नावापुरतं ग्राफिक्स कार्ड. तुमच्या लॅपटॉपवरचं एन्विडियाचं कार्ड जे काम सहज उरकतं, ते कार्ड गेस्टला दिसतच नाही. तिथं सगळा भार प्रोसेसरवर पडतो. हे म्हणजे पाहुण्याच्या हातून साप मारायला लावणं झालं. शिवाय मशीन चालू होणं, इन्स्टॉलेशन, लॉगिनचा पडदा, यातलं काही आतून टिपता येत नाही, कारण टिपणारं सॉफ्टवेअरच तेव्हा जागं झालेलं नसतं.

तरीही आतून करण्याची वेळ येते. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवर काहीही टाकायची परवानगी नसते, किंवा धडाच लिनक्सवरच्या ओबीएसचा असतो. म्हणून दोन्हीकडची तयारी सांगतो.

दोन्हीकडे सारखी असलेली पहिली पायरी म्हणजे गेस्ट अ‍ॅडिशन्स. हे गेस्टच्या आत टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं जोडसॉफ्टवेअर. त्याशिवाय रिझोल्युशन ऐकत नाही, माउस अडखळतो आणि होस्ट-गेस्ट दोघांना दिसणारा शेअर्ड फोल्डर मिळत नाही. डिव्हाइसेस मेनूतून त्याची सीडी गेस्टला जोडण्याआधी उबुंटूत जीसीसी, मेक आणि पर्ल ही साधनं आहेत का ते बघा. नसतील तर त्याला लागणारे भाग (मॉड्यूल) तयार होत नाहीत, आणि इन्स्टॉलर सांगतो ते इतक्या बारीक आवाजात की लक्षातच येत नाही. झालं की मशीन रीस्टार्ट करा. मग मशीन बंद करून सेटिंग्जमध्ये डिस्प्लेकडे जा, व्हिडिओ मेमरी १२८ एमबीपर्यंत वाढवा, ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीएच राहू द्या. थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशन चालू करून एकदा बघा. ओबीएसला लिनक्सवर पडद्यावर चित्र रेखाटणारं ओपनजीएल ३.३ लागतं, थ्रीडी बंद असेल तर ते काम प्रोसेसरच नक्कल करून निभावतो आणि मग एन्कोडिंगसाठी त्याच्यात दम उरत नाही. पण थ्रीडी चालू केल्यावर खिडक्या लुकलुकायला लागल्या तर मोह सोडा आणि बंद करा. रॅम ४ जीबीपेक्षा कमी नको. कोअर मात्र होस्टकडे आहेत त्याच्या निम्म्याहून जास्त देऊ नका, त्या स्लायडरवरचा लाल पट्टा उगाच नसतो.

एक नजर खालच्या स्टेटस बारवर टाका. तिथं हिरवं कासव दिसलं तर विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं हायपर-व्ही आडवं आलेलं आहे, आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या डोक्यावरून काम करतोय. मशीन चालतं, पण नावाला जागून कासवाच्या गतीनं. हायपर-व्ही बंद करणं जमत नसेल तर निदान सेकंदाला ३० ऐवजी १५ फ्रेमवर समाधान माना. टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या, धड्याला १५ पुरतात.

रिझोल्युशनला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. मराठी धडे बघणारा बहुतेक प्रेक्षक फोनवर असतो. गेस्ट १९२०×१०८० वर ठेवला तर टर्मिनलमधली अक्षरं त्या पडद्यावर मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून गेस्ट १२८०×७२० वर आणा, ओबीएसचा बेस कॅनव्हास (टिपण्याची चौकट) आणि आउटपुट (फाइलचं माप) दोन्ही तेवढंच ठेवा, म्हणजे मधे कुठंच चित्र ताणलं जात नाही आणि अक्षरांच्या कडा धूसर होत नाहीत. खिडकीचा कोपरा चुकून ओढला की गेस्टचं मापही बदलतं, म्हणून व्ह्यू मेनूतला गेस्टचं माप आपोआप बदलणारा पर्याय रेकॉर्डिंगपुरता बंद करा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १२५ किंवा १५० टक्के असेल तर व्हर्च्युअलबॉक्सची खिडकीही फुगते. रेकॉर्डिंगपुरतं तेही १०० वर आणा. टर्मिनलचा फॉन्ट १८ च्या पुढं न्या.

जाता जाता: उबुंटूच्या नेहमीच्या टर्मिनलमध्ये देवनागरी दाखवायचा हट्ट धरू नका. जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात आणि प्रेक्षकाला वाटतं तुम्हीच चुकीचं टाइप केलंत. मराठी मजकूर टेक्स्ट एडिटरमध्ये दाखवा, टर्मिनलमध्ये आज्ञा तेवढ्या.

आता स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी साठवून ठेवणं. व्हर्च्युअल मशीनवर धडा रेकॉर्ड करण्याचं खरं सुख इथंच आहे. धडा सुरू होण्याच्या क्षणी एक स्नॅपशॉट घ्या आणि त्याला ओळखू येईल असं नाव द्या. पॅकेज टाकताना चुकलात, मधे खोकला आला, तर मागे जाऊन तोच क्षण पुन्हा जगता येतो. खऱ्या संगणकावर एकदा टाकलेलं सॉफ्टवेअर ‘पहिल्यांदाच’ परत टाकता येत नाही. पण हेच सुख आतून रेकॉर्ड करणाऱ्याला कसं महाग पडतं ते माझ्याकडून ऐका. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग गेस्टच्या व्हिडिओज फोल्डरमध्ये ठेवलं, पुढच्या धड्यासाठी मशीन स्वच्छ हवं म्हणून स्नॅपशॉटवर परत गेलो, आणि ती फाइल जन्मलीच नव्हती अशा काळात जाऊन पोचलो. तेव्हापासून नियम केला: फाइल गेस्टबाहेर गेल्याशिवाय स्नॅपशॉटला हात लावायचा नाही. त्यासाठी शेअर्ड फोल्डर आधीच जोडून ठेवा आणि गेस्टमधल्या आपल्या युजरला व्हीबॉक्सएसएफ ग्रुपमध्ये (ज्याला तो फोल्डर वापरता येतो) घाला, नाहीतर फोल्डर दिसतो पण उघडत नाही. ओबीएसला थेट त्या फोल्डरमध्ये लिहायला लावू नका, लिहिण्याचा वेग मधेच पडला तर फ्रेम गळतात. आधी गेस्टच्या डिस्कवर, मग कॉपी.

त्या डिस्कवर जागा किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. २५०० केबीपीएस बिटरेटला मिनिटाला साधारण १९ एमबी, तासाला सव्वा जीबीच्या आत. पण डायनॅमिक, म्हणजे गरजेनुसार वाढणारी, डिस्क एकदा फुगली की फाइल पुसली तरी आपोआप आकसत नाही, त्यामुळं २५ जीबीची डिस्क दिलीत आणि आतच रेकॉर्ड करत राहिलात तर महिन्याभरात होस्टची जागा का संपली हे कळणार नाही. फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. मशीन अडकून बंद पडलं तरी तोवरचं चित्र हाती राहतं, साधी एमपी४ मात्र अर्धवट राहिली की उघडतच नाही. एमपी४ हवी असेल तर ओबीएसमध्येच नंतर रीमक्स करता येते, म्हणजे पुन्हा एन्कोड न करता फाइलचा प्रकार बदलता येतो.

आतून टिपताना हमखास गाठणारी अडचण म्हणजे काळा पडदा. उबुंटू २१.०४ पासून वेलँड या पडदा दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर चालतं, आणि ओबीएसमधला एक्सएसएचएम नावाचा जुना स्रोत तिथं उपयोगाचा नाही. ओबीएस २७ किंवा त्यापुढचं घ्या आणि पाइपवायरवाला स्क्रीन कॅप्चर निवडा. कुठला पडदा द्यायचा ते उबुंटू स्वतः विचारतं. एन्कोडर एक्स२६४, प्रीसेट (वेगाची तयार सेटिंग) अल्ट्राफास्ट. एवढी खटपट नकोच असेल तर उबुंटू २२.०४ पासून प्रिंट स्क्रीन दाबलं की त्यातच रेकॉर्डिंगची सोय मिळते. त्यात आवाज येत नाही, पण छोट्या तुकड्यांना झकास.

बाहेरून टिपताना खिडकी काळी दिसली तर ओबीएसच्या विंडो कॅप्चरमध्ये पद्धत बदलून विंडोज १० वाली निवडा. मेनूबार आणि स्टेटस बार व्ह्यू मेनूतून लपवा, उरलेली कड आल्ट दाबून ओढली की कापली जाते. खिडकी मिनिमाइज करू नका, चित्र गोठतं. व्हर्च्युअलबॉक्सचं स्वतःचं रेकॉर्डिंगही आहे, वेबएम फाइल देतं आणि मशीन चालू झाल्यापासूनचं सगळं टिपतं, पण चौकटीचं माप गेस्टइतकंच ठरवून द्यावं लागतं. इन्स्टॉलेशनच्या धड्यांना मी तेच वापरतो.

आवाज होस्टवरच घ्या, याला माझ्याकडे अपवाद नाही. गेस्टला माइक देणं व्हर्च्युअलबॉक्समध्ये सुरुवातीला बंदच असतं, चालू केलं तरी आवाज उशिरा पोचतो आणि ओठ कुठं, शब्द कुठं असं होतं. आवाजाची फाइल वेगळी असण्याचा आणखी एक फायदा: तेच चित्र दुसऱ्या भाषेतही वापरता येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात साधारण दहा मिनिटांचे धडे मराठीसह कितीतरी भारतीय भाषांत याच तऱ्हेनं, चित्र तेच ठेवून, नव्या आवाजात आले आहेत. आत रेकॉर्ड करणार असाल तर चित्र आणि आवाज नंतर जुळवायला सुरुवातीला टाळी वाजवून भागत नाही, कारण ती ऐकायला आत माइक नसतो. म्हणून एखादी आज्ञा एंटर दाबताना तोंडानं ‘आता’ म्हणा, जुळवताना तोच खुंटा.

गेस्टमधली टर्मिनलची हिस्ट्री, ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड, नोटिफिकेशन हे सगळं आधी आवरा. दुतर्फा क्लिपबोर्ड बंद करा, नाहीतर होस्टवर कॉपी केलेला ओटीपी गेस्टमध्ये पेस्ट होऊन पडद्यावर झळकतो. उजवं कंट्रोल ही माउस-कीबोर्ड गेस्टमधून सोडवणारी होस्ट की आहे हे हाताला शिकवा. आणि तीस सेकंदांची चाचणी घेऊन ती लॅपटॉपवर नाही, फोनवर, उन्हात उभं राहून बघा. अक्षरं वाचता आली तर चाचणी पुसा, स्नॅपशॉटवर परत जा आणि सुरू करा.