नेट आणि टीव्हीचा प्लॅन घेताना या चुका टाळा

सिडकोतल्या आमच्या रो-हाउसमध्ये वरच्या खोलीत मॅच अडकायची. गोल चक्र फिरत राहायचं आणि खालून आरडाओरडा ऐकू आला की कळायचं, विकेट पडली. मी १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २०० चा घेतला. चक्र फिरायचं थांबलं नाही. शेवटी लाइनमन आला, त्यानं खाली राउटरशेजारी उभं राहून स्पीड तपासला आणि म्हणाला, "काका, लाइन ओके आहे. पण हा डबा तुम्ही लोखंडी कपाटामागं कशाला ठेवलाय?"

राउटर जिन्याजवळ उंचावर लावला आणि त्याच संध्याकाळी वर मॅच नीट लागली. पुढच्या महिन्यात परत १०० वर आलो. म्हणून कळकळीनं सांगतो, स्पीड विकत घेण्याआधी राउटरची जागा बदलून बघा. मोबाइलच्या वायफाय यादीत राउटरची बहुधा दोन नावं दिसतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वाला वेगवान असतो, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. लांबच्या खोलीत २.४ लावा. टीव्ही राउटरजवळच असेल तर सरळ केबल जोडा, वायफायची भानगडच नको.

किती स्पीड लागतो याचा अंदाज चुकतो, तिथंच पैसे जातात. फुल एचडीला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५ च्या आसपास. दोन टीव्ही आणि चार मोबाइलच्या घराला ५० ते १०० भरपूर झाले. डाउनलोड करताना १२ चा आकडा दिसला म्हणून कंपनीशी भांडू नका. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं. आठनं भागा, १०० चे साडेबाराच होतात.

जाहिरातीतली किंमत बहुतेक वेळा जीएसटी सोडून असते. ४९९ वर १८ टक्के धरले की ५८९ होतात. राउटरचं डिपॉझिट परत मिळणार का, हे विचारा आणि पावती जपून ठेवा. वर्षाचे पैसे एकदम भरले तर महिन्याला स्वस्त पडतं हे खरं, पण नवीन कनेक्शनला पहिल्यांदा तीन महिनेच घ्या, तेही जमलं तर पावसाळ्यात. आपल्याकडे वायर खांबावरून, झाडांतून येते. जुलैत फांदी पडली की राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागतो, आणि मग माणूस दोन तासांत येतो की चार दिवसांनी, यावरच सगळं ठरतं. ते जाहिरातीत सापडणार नाही. तुमच्याच गल्लीतल्या दोन घरांत विचारा. लाल दिवा असेल तर राउटर बंद-चालू करत बसू नका, बहुधा फायबरची वायर तुटलेली किंवा निसटलेली असते. थेट तक्रार करा आणि नंबर लिहून घ्या. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

आता "ओटीटी फ्री"बद्दल. वहिनींनी बारा ॲपवाला प्लॅन घेतला, पण त्यांना हवी ती मालिका ज्या ॲपवर होती, ते फक्त मोबाइलवर चालणारं निघालं. टीव्हीवर लावलं की पैसे मागायचं. नेटफ्लिक्सचा सगळ्यात स्वस्त प्लॅनही मोबाइल-टॅबलेटपुरताच असतो. आधी घरात खरोखर काय बघतात ते कागदावर लिहा. बातम्या आणि सह्याद्रीच लागत असेल तर डीडी फ्री डिशला महिन्याचा खर्चच नाही. छत्री आणि बॉक्स एकदा बसवला की झालं.

मॅचेसपुरतं एखादं ॲप घेतलंत तर त्याच दिवशी यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेमध्ये जाऊन त्याची आपोआप होणारी पैसेकपात रद्द करून टाका. भरलेल्या मुदतीपर्यंत ॲप सहसा चालूच राहतं. नुसतं ॲप टीव्हीवरून काढून टाकल्यानं पैसे कापायचे थांबत नाहीत.