डबल नीडल मशीनवर एक सुई थांबवून कोपरा शिवणे: सुई-बदल यंत्रणा कशी चालवायची, कशी जुळवायची

दोन सुयांच्या मशीनवर सरळ शिलाई कोणीही मारतो. खरी परीक्षा कोपऱ्यावर होते. पॅच पॉकेटचा खालचा कोपरा, कॉलरचं टोक, बॅगेच्या फ्लॅपचा काटकोन अशा ठिकाणी दोन्ही सुया एकदम वळवता येत नाहीत. बाहेरच्या रांगेला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्या रांगेला जागच्या जागी वळायचं असतं. म्हणून आतली सुई वर अडकवून ठेवायची, बाहेरची एकटी चालवायची आणि वळण झालं की आतली पुन्हा कामाला लावायची. यासाठी स्प्लिट नीडल बारचं मशीन लागतं, म्हणजे प्रत्येक सुईला धरून वर-खाली होणारा दांडा (नीडल बार) वेगळा असलेलं. नीडल बार एकच अखंड असेल तर सुई काढून एकेरी शिलाई मारता येईल, पण शिलाईच्या मधोमध सुई थांबवता येणार नाही. मशीन घेताना किंवा भाड्याने आणताना हा फरक आधी बघा, कारण बाहेरून दोन्ही मशीन जवळपास सारखीच दिसतात. स्प्लिट बारच्या मशीनला डोक्याच्या बाजूला सुई बदलायचा लिव्हर असतो आणि समोरून पाहिलं तर शेजारी शेजारी दोन वेगळे दांडे दिसतात.

आत काय घडतं

दोन्ही नीडल बार एकाच होल्डरमध्ये बसलेले असतात आणि तो होल्डर वर-खाली होतो. प्रत्येक बारला स्प्रिंगवरची एक खिटी असते. नेहमीच्या शिलाईत खिटी होल्डरमध्ये अडकलेली असते, त्यामुळे बार होल्डरबरोबर खाली जातो. लिव्हर कलवला की त्या बाजूचा अडथळा पुढे येतो. होल्डर सर्वांत वर पोचला की खिटी होल्डरमधून सुटते आणि वरच्या चौकटीत अडकते. बार तिथेच लटकून राहतो, होल्डर मात्र दुसऱ्या बाराला घेऊन चालू राहतो. सोडायचं बटण किंवा लिव्हर दाबला की होल्डर पुढच्या वेळी वर येताना खिटी परत पकडतो.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात घ्या: अदलाबदल फक्त सर्वांत वरच्या बिंदूला होते. लिव्हर तुम्ही कधीही कलवा, सुई तेव्हाच थांबेल जेव्हा होल्डर वर जाईल. म्हणून सुया कापडात खाली असताना लिव्हर कलवायचा. बार अगदी वर, खिटीच्या तोंडाशी असताना लिव्हर ढकलला तर खिटी अर्धवट अडकते. अर्धवट अडकलेला बार पुढच्या फेरीत मध्येच सुटतो, सुई प्लेटवर आपटते आणि खिटीची कड झिजते. एकदा कड गोल झाली की स्प्रिंग कितीही बदला, बार धरणार नाही.

लिव्हर डावीकडे केल्यावर डावी सुई थांबते की उजवी, हे मशीनप्रमाणे ठरतं. मोटर बंद करा, हँडव्हील हाताने फिरवा, लिव्हर एकेका बाजूला करून बघा आणि डोक्यावर खडूने खूण करा. क्लच मोटर असेल तर स्विच बंद केल्यावरही ती काही वेळ फिरत राहते. पॅडल दाबून ती पूर्ण थांबल्याची खात्री करा, मगच सुईजवळ हात घाला.

कोपऱ्याचा हिशेब

हा भाग बहुतेक जण अंदाजाने करतात आणि तिथेच कोपरा बिघडतो. आतली सुई आतल्या कोपऱ्यावर थांबल्यानंतर बाहेरच्या सुईला बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत किती जायचं आहे, हे दोन गोष्टींवर ठरतं: गेज, म्हणजे दोन सुयांमधलं अंतर, आणि कोपऱ्याचा कोन. काटकोनात हे अंतर बरोबर गेजइतकं असतं. बाकीच्या कोनांसाठी गेजला असा गुणक लावा: 45 अंशाला 2.41, 60 अंशाला 1.73, 120 अंशाला 0.58, 135 अंशाला 0.41. टोक जितकं अणकुचीदार, तितकं बाहेरच्या सुईला जास्त चालावं लागतं. मधल्या कोनाची गरज असेल तर अर्ध्या कोनाचा कोटँजंट काढा, तोच गुणक.

आलेल्या अंतराला टाक्याच्या लांबीने भागा. उत्तर पूर्णांक आलं पाहिजे. गेज 6.4 मिमी आणि टाका 3.2 मिमी असेल तर काटकोनात दोन टाके, वळण, परत दोन टाके. टाका 2.13 ठेवला तर तीन आणि तीन. पण टाका 2.5 मिमी असेल तर भागाकार 2.56 येतो. दोन टाके मारले तर टोक आत राहतं, तीन मारले तर बाहेर जातं. अशा वेळी टाक्याची लांबीच बदला. गेज 9.5 मिमी असेल तर 3.17 मिमीचे तीन किंवा 2.4 मिमीचे चार टाके बरोबर बसतात. 6.4 गेजवर 60 अंशाचं टोक असेल तर अंतर साधारण 11.1 मिमी होतं, म्हणजे 2.77 मिमीचे चार टाके. संपूर्ण शिवणीचा टाका बदलता येत नसेल तर कोपऱ्यापुरता रिव्हर्स लिव्हर थोडा दाबून टाके आखूड करता येतात. मात्र हाताचा अंदाज प्रत्येक नगाला सारखा राहत नाही. माल मोठा असेल तर सरळ टाक्याची लांबीच जुळवून घेणं शहाणपणाचं.

डायलवरचा आकडा खरा धरू नका. त्याच कापडाच्या तितक्याच थरांवर सरळ शिलाई मारा, दहा टाक्यांचं अंतर मोजपट्टीने मोजा आणि दहाने भागा. जाड कापड, घसरणारं कापड, फूटचा दाब या सगळ्यांमुळे खरा टाका डायलपेक्षा वेगळा येतो.

कोपरा मारण्याचा क्रम

दोन्ही सुयांनी आतल्या कोपऱ्यापर्यंत या. कोपऱ्याचा बिंदू कापडावर खूण करून ठेवलेला असावा. आतली सुई त्या बिंदूत उतरली की थांबा. सुया कापडात असतानाच आतल्या सुईच्या बाजूचा लिव्हर कलवा. आतली सुई कोणती, यात गोंधळ होत असेल तर एवढंच पाहा: खिशाच्या कडेपासून जी रांग लांब आहे, ती थांबवायची. उलटी सुई थांबवली तर एका रांगेत उघडी फट दिसते आणि दुसरीचे टाके एकमेकांना ओलांडतात.

आता हिशेबाप्रमाणे टाके मारा, समजा दोन. पहिल्या टाक्यासाठी होल्डर वर गेला की आतली सुई वर अडकेल. दुसऱ्या टाक्याला बाहेरची सुई बाहेरच्या कोपऱ्यात उतरते. इथे वळायचं, पण सुई अगदी तळाला असताना नाही. हँडव्हील किंचित पुढे फिरवून सुई तळापासून 3 ते 4 मिमी वर येऊ द्या. तोपर्यंत हुकच्या (प्लेटखाली फिरून वरच्या दोऱ्याचा लूप पकडणाऱ्या भागाच्या) टोकाने लूप धरलेला असतो. लूप धरायच्या आधीच कापड फिरवलं तर दोरा पिळतो आणि नेमका कोपऱ्याचाच टाका सुटतो. सर्वो मोटरला सुई खाली थांबवण्याची सोय असेल तर ती थांबायची जागा याच उंचीवर जुळवून घ्या.

फूट पूर्ण उचला, कापड सुईभोवती फिरवा, फूट खाली करा. फूट अर्धवट उचलून कापड ओढलं तर सुई वाकते, आणि वाकलेली सुई पुढच्या टाक्याला हुकवर आपटते. फिरवल्यावर पुन्हा तेवढेच टाके मारा. शेवटच्या टाक्याला बाहेरची सुई कापडात असताना आतली सुई सोडायचं बटण दाबा. पुढच्या वेळी होल्डर वर जाऊन आतली सुई घेऊन येतो आणि ती कोपऱ्याच्या जुन्या भोकापासून एक टाका पुढे उतरते. एक टाका आधी सोडली तर सुई त्याच जुन्या भोकात दुसऱ्यांदा जाते आणि खाली दोऱ्याची गाठ जमते. एक टाका उशिरा सोडली तर कोपऱ्यालगत दुप्पट लांब टाका दिसतो.

तालीम कापडावर करू नका, पातळ कार्डबोर्डवर करा. दोरा न ओवता हाताने फिरवत पूर्ण कोपरा मारा आणि कार्ड उजेडात धरा. आतल्या रांगेत कोपऱ्याला एकच स्वच्छ भोक हवं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर भोकं हवीत. बाहेरच्या रांगेचं टोक आतल्या भोकापासून बरोबर तिरक्या रेषेत यायला हवं. एखादं भोक लांबट किंवा फाटलेलं दिसलं तर वळताना कापडाला ओढ बसली आहे.

गेज बदलताना

गेज बदलणं म्हणजे सुई धरणारे क्लॅम्प, नीडल प्लेट, कापड सरकवणारे दाते आणि कापड दाबणारा फूट हा सगळा संच बदलणं. यातला एक भाग जरी जुन्या गेजचा राहिला तरी सुई प्लेटवर जाते. स्प्लिट बारमध्ये प्रत्येक बाराला स्वतंत्र क्लॅम्प असतो. डावा-उजवा अदलाबदल होऊ देऊ नका.

संच बसवल्यावर हुक सरकवायचे. दोन्ही हुकांना सारखी वाटणी द्या. 6.4 वरून 9.5 मिमी गेजवर जाताना प्रत्येक हुक साधारण 1.6 मिमी बाहेर जातो. हुकच्या पायाचे स्क्रू सैल करा, खालच्या शाफ्टवरचा गिअरही त्याच्याबरोबर सरकवा. गिअरचे दात तिरके असतात, त्यामुळे तो सरकला की टायमिंग, म्हणजे सुई आणि हुक यांच्या हालचालीचा मेळ, हलतं आणि पुन्हा जुळवावंच लागतं.

टायमिंगसाठी सुई तळाला न्या, तिथून 2 ते 2.5 मिमी वर येऊ द्या. त्या क्षणी हुकचं टोक सुईच्या मध्यावर, डोळ्याच्या वरच्या कडेपेक्षा किंचित वर असावं. टोक आणि सुईच्या डोळ्यावरच्या खोलगट खाचेत कागदाएवढी, साधारण 0.05 मिमी फट पुरे. दोन्ही बाजू स्वतंत्र तपासा. एका बाजूचं बरोबर आलं म्हणून दुसरीचं गृहीत धरू नका. नीडल फीड मशीनमध्ये टाक्याच्या लांबीप्रमाणे सुई पुढे-मागे झुलते. म्हणून मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेल्या टाक्यावर टायमिंग लावा आणि मग सर्वांत लांब टाक्यावर हाताने फिरवून सुई कुठे घासत नाही ना, ते बघा.

सुया बहुतेक ठिकाणी डीपी×5 प्रकारच्या लागतात, जड कामाच्या मोठ्या हुकाच्या मशीनला डीपी×17. दोन्ही सुया एकाच नंबरच्या आणि एकाच वेळी बदललेल्या असाव्यात. उभ्या हुकाच्या मशीनवर दोन्ही सुयांच्या लांब खाचा एकमेकींकडे तोंड करून असतात आणि दोरा आतून बाहेर ओवला जातो. एक सुई फिरलेली असेल तर त्या बाजूला टाके सुटत राहतात आणि माणूस उगाच हुक खोलत बसतो.

बिघाड आणि त्यांची मुळं

लिव्हर कलवूनही सुई थांबत नसेल तर आधी खिटीजवळची लूस (दोऱ्या-कापडाचा बारीक कचरा) आणि सुकलेलं तेल साफ करा. बराच काळ फक्त सरळ शिलाई मारलेल्या मशीनमध्ये खिटी जागीच चिकटते. साफ केल्यावर एक थेंब तेल द्या, जास्त नको. इथलं जादा तेल बारावरून ओघळून थेट कापडावर येतं.

थांबलेली सुई मध्येच खाली येत असेल तर खिटीची स्प्रिंग दमली आहे किंवा खिटीची कड झिजली आहे. मशीन बंद ठेवून वर अडकवलेला बार बोटाने हलका खाली दाबा. तो सुटला, तर त्यावर शिवू नका. जोडलेल्या अवस्थेतही तपासायला हवं: दोन्ही बार होल्डरमध्ये असताना एकेकाला वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर त्या सुईची उंची प्रत्येक फेरीला बदलते आणि कोपऱ्यानंतरचे एक-दोन टाके सुटतात. हे टायमिंगचं दुखणं वाटतं, पण टायमिंग कितीही लावलं तरी जात नाही.

कोपऱ्यानंतर आतल्या रांगेचा दोरा सैल दिसत असेल तर कारण वेगळं. सुई थांबलेली असली तरी दोरा वर खेचणारा टेक-अप लिव्हर चालूच असतो आणि कापडही पुढे सरकतं, त्यामुळे तो दोरा थोडा ओढला जाऊन ढिला पडतो. चेक स्प्रिंगची (दोऱ्याचा ढिलेपणा ओढून घेणाऱ्या छोट्या स्प्रिंगची) ओढ किंचित वाढवा आणि त्या बाजूचं टेन्शन तपासा. लांब शिलाई एकाच सुईने मारायची असेल तर थांबलेल्या सुईचा दोरा ओवलेला ठेवू नका. टेक-अपच्या झटक्याने तो डोळ्यातून निसटतो आणि सैल टोक चालू असलेल्या हुकात जाऊन अडकतं.

बाहेरचा दोरा नेमका वळणावर तुटत असेल तर बॉबिन केस ओपनर (दोरा सुटायला बॉबिन केस किंचित मागे ढकलणारा भाग) बघा. तो केस पुरेशी उघडत नसेल तर दोरा केसच्या थांब्यापाशी अडकतो. सरळ शिलाईत हे लपून जातं, कोपऱ्यावर ताण बदलला की उघड होतं.

कोपऱ्याजवळ वेग कमी ठेवा. पूर्ण वेगात लिव्हर मारला की खिटीवर दरवेळी हातोडीसारखा घाव बसतो. कोपरा संपल्यावर दोन्ही सुया खाली आल्याचं डोळ्यांनी बघा, मग पॅडल पूर्ण दाबा.