'शिरु' की 'वाकारु'?

जपानीच्या शब्दयादीत या दोन्ही क्रियापदांपुढे 'टु नो' छापलेलं असतं आणि एन-५ च्या, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या सर्वांत सोप्या पातळीच्या, वर्गात घोळाला तिथूनच सुरुवात होते. ते खोडून मराठी लिहा: 'शिरु' म्हणजे माहीत होणं, 'वाकारु' म्हणजे समजणं, कळणं.

मराठीचा आधार पार्टिकलसाठीही, म्हणजे नामामागे येणाऱ्या 'गा', 'ओ' अशा छोट्या शब्दांसाठीही, होतो. आपण 'मी जपानी समजतो' म्हणत नाही, 'मला जपानी समजतं' म्हणतो. तसंच 'निहोंगो गा वाकारिमासु'. इथे 'ओ' घातला की चूक. 'शिरु'ला मात्र 'ओ' लागतो: 'तानाका-सान ओ शित्ते इमासु'. 'शिरु' ही एका क्षणात घडणारी क्रिया, म्हणून 'माहीत आहे' हे 'शित्ते इमासु' असंच म्हणायचं. त्याचा नकार 'शिरिमासेन'. 'शित्ते इमासेन' नाही. याचं कारण शोधत बसू नका, पाठ करा.

खरी पंचाईत नकारातच होते. 'रविवारी येणार का?' याला 'शिरिमासेन' म्हणालात तर ऐकणाऱ्याला ते 'मला काय ठाऊक!' असं झटकून टाकल्यासारखं वाटतं. तिथे 'मादा वाकारिमासेन', म्हणजे अजून सांगता येत नाही. तिसऱ्याच कुणाचा फोन नंबर विचारला, तर 'शिरिमासेन' अगदी योग्य. उत्तर आपल्याच विचारातून किंवा ठरवण्यातून निघणार असेल तर 'वाकारु', नुसती बाहेरून मिळणारी माहिती असेल तर 'शिरु'. ऑफिसात काम सांगितल्यावर 'वाकारिमाशिता', म्हणजे 'समजलं', चालतं. ग्राहकासमोर त्याहून नम्र 'काशिकोमारिमाशिता' हवं.

'घालणं'च्या बाबतीत मात्र मराठी फसवते. शर्ट, कोट 'किरु', पँट, मोजे, बूट 'हाकु', टोपी 'काबुरु', चष्मा 'काकेरु'. आपण साडी नेसतो नि ड्रेस घालतो, जपानीत दोन्ही 'किरु'च. तिथे शरीराचा भाग बघायचा, म्हणून किमोनो 'किरु' पण कमरेला बांधायचा हाकामा 'हाकु'. काढताना हिशोब पुन्हा बदलतो: कपडे, बूट, टोपी सगळं 'नुगु', चष्मा आणि घड्याळ 'हाझुसु'.

त्यामुळे वहीत सुटं क्रियापद लिहूच नका. 'बोउशि ओ काबुरु' (टोपी घालणं) असं नाम, पार्टिकल आणि क्रियापद एकत्र लिहा, शेजारी काढण्याचं क्रियापदही. एन-४ पासून शब्दसंग्रहाच्या भागात एकच शब्द चार वाक्यांत वापरून बरोबर वाक्य निवडायला सांगतात. नुसता अर्थ पाठ असलेल्याला तिथे चारही वाक्यं बरोबर वाटतात.