बाद फेरीसाठी पंच कसे निवडावेत

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरील उपांत्य व अंतिम फुटबॉल सामन्यांसाठी पंच नेमताना केवळ ज्येष्ठता पाहू नये. साखळी फेरीपासूनच निरीक्षकाने लेखी नोंद ठेवावी; चेंडूपासून पंच किती दूर होता, ताकीद दिल्यानंतर पिवळे कार्ड वेळेवर निघाले का आणि सहायक पंच बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत राहिला का, हे तीत यावे. पंच ज्या पेठेत राहतो किंवा ज्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळला, त्या पेठेच्या किंवा तालमीच्या संघाचा सामना त्याला मुळीच देऊ नये, कारण येथे पेठेचा अभिमान इतका प्रखर आहे की अचूक निर्णयावरही संशय घेतला जातो आणि तो अन्याय पंचाला एकट्यालाच सोसावा लागतो. अंतिम सामन्यासाठी शक्यतो पूर्वी एकत्र काम केलेले तिघेच निवडावेत. चौथा पंच राखीव असावा.